खेळण्यांचा संग्राहक आणि दोषविचार

सोलापूरच्या बाजारात चादर घेणारे चोखंदळ गिऱ्हाईक ती घडीवर पाहून घेत नाही. ते चादर उलगडते, उजेडाकडे धरते, तिची उलट बाजू पाहते. कोठे धागा तुटलेला आहे, कोठे नक्षीचा वेल मध्येच चुकला आहे, असे दिसले की किंमत उतरते. असा माल ‘सेकंड’ म्हणून बाजूस काढण्याची कापडधंद्यात वहिवाटच आहे. या व्यवहारात गूढ असे काही नाही. चादर ही अंथरावयाची, पांघरावयाची आणि धुवावयाची वस्तू आहे. तुटलेला धागा धुण्यागणिक उसवत जाणार, म्हणून तो मोठा दोष. नक्षीतील चूक ऊब कमी करीत नाही, म्हणून तो लहान दोष. दोषाची तरतमता प्रयोजनावरून ठरते, हे तत्त्व विणकराला आणि गिऱ्हाइकाला कोणतेही शास्त्र न वाचता ठाऊक असते.

संस्कृत साहित्यशास्त्राने हेच तत्त्व काव्यापुरते मांडले. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात मुख्य अर्थाचा विघात करणारा तो दोष, असे दोषाचे लक्षण सांगितले. तथापि काव्याची व्याख्या करताना मात्र त्याने शब्द आणि अर्थ निर्दोष असावेत अशी अट घातली. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात नेमके या अटीवर बोट ठेवले. सर्वथा निर्दोष असेल तेच काव्य मानावयाचे ठरविले तर काव्य अतिविरळ होईल, किंबहुना उरणारच नाही, हा त्याचा आक्षेप होय. किड्याने पोखरलेल्या रत्नाचे रत्नपण नष्ट होत नाही, त्याची प्रत तेवढी खालीवर होते, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे.

हा जुना वाद आज एका अनपेक्षित जागी पुन्हा उभा राहिला आहे. ती जागा म्हणजे खेळण्यांचा, आणि त्यातही ज्यांना इंग्रजीवरून ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात त्या हातपाय हलविता येणाऱ्या लहान पुतळ्यांचा, प्रौढ संग्राहक. वरवर पाहता विषय पोरकट वाटेल. परंतु ज्या वस्तूवर एवढा बारीक दोषविचार रोज होतो आणि ज्या दोषविचारावर मोठ्या रकमांची देवघेव अवलंबून असते, ती वस्तू समीक्षेने केवळ खेळणे म्हणून टाकून द्यावी, हे योग्य नव्हे.

या पुतळ्यांचा इतिहास फार जुना नाही. १९५९ साली अमेरिकेत बार्बी ही बाहुली बाजारात आली आणि मुलींच्या खेळण्यांचा धंदा पालटला. मुलांसाठी तसेच काही काढावे या हेतूने पॉटकेट येथील हॅसनफेल्ड बंधूंच्या कंपनीने (हीच पुढे हॅस्ब्रो झाली) १९६४ मध्ये सुमारे एक फूट उंचीचा, सांध्यांत वाकणारा सैनिक काढला. त्याचे नाव जी. आय. जो. मुलाच्या हाती ‘बाहुली’ दिलेली बापाला रुचणार नाही, या भीतीने कंपनीने तो शब्द कटाक्षाने टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ ही नवी संज्ञा रूढ केली. मराठीला ही अडचण कधी भासलीच नसती. मराठीत ‘बाहुला’ आहे, आणि दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडावयाच्या मातीच्या सैनिकांना तर मराठी माणूस सरळ ‘चित्रे’ म्हणतो.

या पहिल्या सैनिकाच्या घडणीत एक गोष्ट लक्षणीय होती. त्याच्या गालावर एक व्रण होता, आणि अंगठ्याचे नख भलत्याच बाजूस बसविलेले होते. मानवी देहाच्या सर्वसामान्य आकृतीवर कोणा एका कंपनीला मालकी सांगता येत नाही. व्रण आणि उलटे नख यांच्यावर ती सांगता येते. दुसऱ्या कोणी नक्कल केली तर ही चूकही नकलेत उतरेल आणि चोरी पकडली जाईल, हा हिशेब होता. म्हणजे या प्रकारच्या खेळण्यांच्या आरंभीच्याच नमुन्यात दोष हा ओळखीची खूण म्हणून नांदत होता. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज येथे आहे.

आता संग्राहकाच्या अपेक्षा पाहाव्यात. डोळ्यांची बुबुळे एका रेषेत असावीत, रंग आपली हद्द सोडून शेजारच्या भागावर सांडू नये, दोन साच्यांच्या जोडाची रेघ दिसू नये, गुडघा ढिला नसावा. ही अपेक्षांची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, पुतळा ज्या पुठ्ठ्यावर बसवून विकला गेला त्या पुठ्ठ्याला घडी पडलेली नसावी, वरचे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडलेले नसावे, किमतीची चिठ्ठी उपटल्याचा ओरखडा नसावा, आणि मुख्य म्हणजे वेष्टन कधीही उघडलेले नसावे. अमेरिकेत अशा वेष्टित पुतळ्यांची तपासणी करून त्यांना शंभरापैकी गुण देणाऱ्या आणि त्यांना ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचे बंद करून देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. परीक्षकाने गुण दिलेला पुतळा पुन्हा कोणाच्याही हाताला लागत नाही.

या दोन बाजू संग्राहक एकाच श्वासात सांगतो. वस्तुतः त्या भिन्न जातीच्या आहेत. पहिली अपेक्षा कारागिरीकडे आहे आणि ती चादरीच्या गिऱ्हाइकासारखीच रास्त आहे. वेडेवाकडे डोळे असलेला योद्धा योद्धा वाटत नाही. मुख्य अर्थाची हानी होते. म्हणून तो दोष. ही तक्रार कारखानदारांनी ऐकलीही आहे. २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या कंपन्यांनी चेहरे कुंचल्याने वा ठशाने रंगविण्याऐवजी बारीक ठिपक्यांनी यंत्रावर छापावयास आरंभ केला आणि चेहऱ्याच्या साम्याची पातळी पुष्कळ उंचावली. दुसरी अपेक्षा मात्र कारागिरीकडे नसून काळाकडे आहे. काळाने आणि मुलाच्या हाताने या वस्तूला स्पर्शच करू नये, असे ती म्हणते. आता मम्मटाच्याच कसोटीने विचारावयाचे तर खेळण्याचा मुख्य अर्थ कोणता? खेळ हाच ना? मग वेष्टन उघडणे हा खेळण्याचा दोष कसा? तो तर त्याच्या मुख्यार्थाचा आरंभ आहे. चादर पांघरली म्हणून ती ‘सेकंड’ होत नाही. जुनी होते, एवढेच.

येथे कोणी म्हणेल की, संग्राहक खेळण्याला व्यवहारातून उचलून सौंदर्याच्या प्रांतात नेतो. उपयोगाचा विचार बाजूस ठेवून केवळ रूपाकडे पाहणे हेच तर सौंदर्यानुभवाचे लक्षण आहे. युक्तिवाद चांगला आहे, परंतु तो या वस्तूला लागू पडत नाही. या पुतळ्याचे रूप स्थिर नाही. त्याच्या खांद्याचा, कमरेचा, गुडघ्याचा सांधा कसा वळतो, हातात शस्त्र कसे बसते, हे त्याच्या रूपातच अंतर्भूत आहे. किंबहुना त्याला मूर्तीहून वेगळे करणारे तेवढेच आहे. पेटीत बंद केलेल्या पुतळ्याचे हे रूप संग्राहकालाही दिसत नाही. तेव्हा तो जे पाहतो ते सौंदर्यदृष्टीने पाहिलेले खेळणे नव्हे.

मग तो काय पाहतो? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नसून पाठचिकित्सेत आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची प्रत प्रसिद्ध केली किंवा भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालविले, तेव्हा त्यांचा शोध सर्वांत सुंदर पाठाचा नव्हता, सर्वांत मूळच्या पाठाचा होता. नंतरच्या हातांनी सुधारलेला, सोपा आणि गोड केलेला पाठ चिकित्सकाला नको असतो. मूळचा खडबडीत, प्रसंगी दुर्बोध पाठ त्याला हवा असतो. आणि प्रतींच्या वंशावळी तो लावतो त्या पुष्कळदा चुकांवरून. कारण दोन प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळली तर त्यांचे मूळ एक असल्याचा तो पुरावा ठरतो. उलट्या नखाचा हिशेब हाच होता. खेळण्यांच्या संग्राहकाची ‘निर्दोषता’ ही या अर्थाने मूलनिष्ठता आहे. वस्तू कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली तशीच ती असावी, दोषांसकट.

असे मानले म्हणजे संग्राहकाच्या वर्तनातील एक विसंगती उलगडते. १९७९ च्या सुमारास केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेतील बोबा फेट या पात्राचा, पाठीवरून खरोखर उडणारा अग्निबाण असलेला पुतळा योजिला होता. सुटणारा लहान भाग मुलाच्या घशात अडकण्याचा धोका ध्यानात घेऊन तो अग्निबाण अखेर पक्का बसविण्यात आला, आणि उडणारा नमुना कधीच विक्रीस आला नाही. अशा चाचणी-नमुन्यांपैकी एक २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. खेळणे म्हणून तो सदोष होता, इतका की मुलाच्या हाती देण्यास नालायक ठरला. परंतु मूळ प्रत म्हणून तो इतर सर्वांच्या आधीचा होता.

या भेदाची कसोटी पाहावयास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. ती गोव्यात लागली आहे. मद्रासच्या एम. आर. एफ. कंपनीने हॅस्ब्रोशी भागीदारी करून १९८७ साली फनस्कूल ही कंपनी काढली आणि गोव्यातील तिच्या कारखान्यात जी. आय. जो मालिकेतील सैनिक तयार होऊ लागले. हे सैनिक १९६४ चे फूटभर उंचीचे नव्हते. १९८२ पासून अमेरिकेत ही मालिका पावणेचार इंची आकारात निघत होती, आणि तिचे साचे एका देशातून दुसऱ्या देशात जात. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला कंपनी याच मालिकेतील सैनिक वेगळ्या नावाने काढी. अमेरिकेत वापरून झालेले साचे गोव्यात आले, की त्यांत ओतावयाचे प्लॅस्टिक येथले, रंग येथला, पुठ्ठा येथला, आणि रंगविणारे हातही येथले.

परिणाम असा झाला की देह तोच, परंतु वेश निराळा. मूळचा करडा गणवेश दुसऱ्याच रंगाचा झाला. पट्टा, बक्कल, खिसा यांपैकी काही रंगविले गेले, काही तसेच राहिले. आणि एकाच सैनिकाच्या दोन वर्षांच्या मालात छटा जुळेनात. रंग हद्द सोडून जाई, प्लॅस्टिक पुष्कळदा अधिक चकचकीत असे. याच काळात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या नावाखाली मॅटेलचे ही-मॅन मालिकेतील पुतळे निघत होते, आणि तेथेही असेच फरक आढळतात. ज्या मुलांनी हे पुतळे विकत घेतले त्यांच्याजवळ मूळचा अमेरिकन नमुना नव्हता. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने दोष असा काही नव्हताच. नव्वदच्या दशकात सोलापूर-पुण्याच्या मुलाला तो सैनिक जसा मिळाला तसाच होता.

पुढे जे घडले ते दोषविचाराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये ही मालिका बंद पडली. गोव्यातील उत्पादन मात्र चालू राहिले, आणि अमेरिकेतील संग्राहकांची नजर या भारतीय मालाकडे वळली. आरंभी तो स्वस्त आणि ओबडधोबड पर्याय म्हणून पाहिला गेला. हळूहळू दृष्टी पालटली. अनपेक्षित रंगसंगती ही ‘चूक’ न राहता ‘भेद’ झाली. कोणत्या सैनिकाच्या किती छटा निघाल्या, कोणत्या पुठ्ठ्यावर कोणता मजकूर आहे, याच्या याद्या होऊ लागल्या. आणि काही भेद दुर्मिळ ठरून त्यांच्या किमती मूळ अमेरिकन सैनिकाच्याही वर गेल्या.

हा विश्वनाथाचा विजय समजावा काय? पोखरलेले रत्न रत्न म्हणून स्वीकारले गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु बारकाईने पाहता तसे झालेले नाही. विश्वनाथाचे म्हणणे दोष असूनही रत्न रत्न राहते, एवढेच होते. संग्राहकाने तर पोखरलेल्या भोकाचीच किंमत केली. आणि विशेष हे की, ज्या सैनिकाचा रंग कारखान्यातच वाकडा लागला आहे त्याच्या बाबतीतही पुठ्ठा मात्र कोराच हवा, ही मागणी तिळमात्र सैल झाली नाही. गोव्यातील रंगाऱ्याच्या हाताची चूक मौल्यवान ठरली. पण त्याच सैनिकाला एका मुलाने चार पावसाळे मातीत लोळविले असतील तर त्या खुणांना मोल नाही. पहिली खूण मूळ पाठाची, दुसरी प्रक्षिप्ताची. दोष कोणता, यापेक्षा तो कोणाच्या हातून घडला, यावर निर्णय होतो, आणि मुलाचा हात या हिशेबात नेहमी परक्याचा ठरतो. पाठचिकित्सेतील निकष ग्रंथाला योग्य आहे, कारण ग्रंथ वाचल्याने त्याची अक्षरे बदलत नाहीत. खेळणे मात्र खेळल्याने बदलते, आणि त्याने बदलावे हीच अपेक्षा असते. वाचलेल्या पोथीला भ्रष्ट म्हणावे तसा हा प्रकार आहे.

संग्राहकाविषयी एवढ्यावरून अनुदार होण्याचे कारण नाही. याद्या करणारे आणि पुठ्ठे जपणारे लोक नसते तर गोव्यातील या उत्पादनाचा तपशील आज कोणालाही सांगता आला नसता; मुलांच्या हातचे सैनिक तर बहुतेक भंगारात गेले. संग्रहाची वृत्ती आणि वापराच्या खुणा यांचे वैर अटळ आहे असेही नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी पुण्यात जमविलेला संग्रह, जो त्यांनी बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, तो मुख्यतः वापरलेल्या वस्तूंचाच आहे. तेथील अडकित्ता सुपारी कातरून झालेला आहे, दिवा जळून झालेला आहे. न वापरलेला अडकित्ता शोधत केळकर खेडोपाडी हिंडले असते तर तो संग्रह झालाच नसता. अर्थात अडकित्ता करणाऱ्याने तो पुठ्ठ्यावर बसवून विकला नव्हता, हेही खरे. वेष्टनाने वस्तूला एक क्षण असा दिला की ज्याच्या आधी ती कोरी आणि नंतर जुनी. संग्राहकाची सारी अपेक्षा त्या एका क्षणापाशी गोठली.

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रे या क्षणाच्या आधीच्या जगातील आहेत. सोलापूरचा स्वतःचा किल्ला भुईकोट. पण अंगणात मुले रचतात तो बहुधा डोंगरी, कारण तो महाराजांचा किल्ला असतो. दगडमाती रचून, वर चिखल लिंपून, अळीव किंवा मोहरी पेरून तो उभा राहतो. शिखरावर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली गवळण, वाघ आणि कधी कधी रबरी मोटारही. महाराजांहून गवळण उंच आणि वाघाहून कोंबडा मोठा असला तरी प्रमाणभंगाची तक्रार कोणी करीत नाही. मावळ्याची मिशी एका कुंचल्याच्या फटकाऱ्यात काढलेली असते. दहा मावळ्यांच्या दहा मिशा निराळ्या. पाहणाऱ्याला त्यांत दहा माणसे दिसतात. आणि गेल्या वर्षीच्या टोपलीतून हात तुटलेला मावळा निघाला तर त्याला टाकून न देता लढाईत पडलेला वीर म्हणून बुरुजाच्या पायथ्याशी निजविण्याची युक्ती मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. तुटलेपण येथे अर्थ घेऊन येते. हेच ज्याला शास्त्र म्हणावयाचे तर दोषाचा गुण होणे. आणि ते किंमत वाढल्याने नव्हे, खेळात जागा मिळाल्याने होते.

या चित्रांचेही दिवस पालटत आहेत. शाडू व मातीच्या जोडीला प्लॅस्टर आले, आणि आता रेझिनमध्ये घडविलेल्या, जिरेटोपाची कलगी आणि तलवारीची मूठ बारकाईने दाखविणाऱ्या शिवकालीन वीरांच्या लहान प्रतिमा काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी घेतल्या जातात. त्यांचा ग्राहक प्रौढ आहे. पगडीचा घाट त्या काळचा आहे की नंतरचा, ढालीचा आकार बरोबर आहे की नाही, हे तो विचारतो. आणि ते त्याने अवश्य विचारावे, कारण ही अपेक्षा इतिहासाशी असलेल्या प्रामाणिकपणाची आहे. या प्रतिमांना सांधे नसतात. त्या मूर्तीच आहेत आणि मूर्ती म्हणूनच त्यांचे परीक्षण व्हावे. अडचण उत्पन्न होते ती सांधे असलेल्या वस्तूला मूर्तीचे नियम लावले म्हणजे.

त्या सांध्यांविषयी एक तांत्रिक गोष्ट नोंदणे आवश्यक आहे. १९८२ नंतरच्या पावणेचार इंची सैनिकाचे धड आणि पाय एका लहान रबरी कड्याने एकत्र धरलेले असतात. गोव्यात झालेल्या सैनिकांतही तीच रचना आहे. हे कडे धडाच्या आत असते. सैनिकाशी खेळणाऱ्या मुलाच्या हातून ते ताणून तुटते, पाय गळून पडतात, आणि पाठीवरचा लहान स्क्रू काढून नवे कडे घातले की सैनिक पुन्हा उभा राहतो. परंतु रबर खेळल्यानेच तुटते असे नाही. ते नुसत्या काळाने सुकते, कडक होते आणि चिरते. पुठ्ठ्यावर बंद असलेल्या, कोणाचाही हात न लागलेल्या आणि शंभरापैकी भरघोस गुण मिळविलेल्या सैनिकाच्या धडातही ते आज चिरलेले असू शकते. वेष्टन उघडल्यावाचून ते तपासता येत नाही, आणि वेष्टन उघडले की गुण जातात.